दहा थेंब काळे

राल्फ एलिसन या काळ्या अमेरिकन लेखकाची 'इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी म्हटली की जो तो पहिल्या प्रकरणावर बोलतो. डोळ्यांवर पट्ट्या बांधून एकमेकांवर सोडलेली काळी पोरं, वीज खेळवलेल्या गालिच्यावर टाकलेली नाणी. प्रकरण जबरदस्तच आहे. कादंबरी आली १९५२ला, हे त्याआधी १९४७मध्येच स्वतंत्र छापून आलं होतं. पण राल्फ एलिसनची खरी कमाल दहाव्या प्रकरणात आहे, रंगाच्या कारखान्यात. नेमकी तीच पानं लोक भराभर उलटतात.

(एच. जी. वेल्सचा अदृश्य माणूस वेगळा, १८९७चा. तो प्रयोग करून अदृश्य होतो. हा धडधडीत समोर उभा असूनही गोऱ्यांना दिसत नाही. पुस्तक मागवताना लेखकाचं नाव तेवढं बघा.)

निवेदकाचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. दक्षिणेतल्या कॉलेजातून काढून टाकलेला हा पोरगा लिबर्टी पेंट्समध्ये कामाला लागतो. कारखान्याची शान म्हणजे 'ऑप्टिक व्हाइट', दुधासारखा पांढरा रंग. काम सोपं: प्रत्येक डब्यात काळ्या द्रावाचे दहा थेंब टाकायचे, ते दिसेनासे होईपर्यंत ढवळायचं, नमुन्याच्या फळीवर हात मारून वाळवायचं.

काळं कशाला? आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो त्याच कारणाने. नुसता पांढरा पिवळट मारतो. चिमूटभर गडद छटा तो पिवळेपणा मारते आणि रंग झाकतोही चांगला. प्रमाण चुकलं की मात्र डाग. म्हणजे एलिसनने हे हवेतून काढलेलं नाही, रंगारी माणसाला ते लगेच पटेल.

मग घोळ होतो. द्राव संपतो. टाक्यांवर नुसते सांकेतिक आकडे-अक्षरं, साहेबाने धड काही सांगितलेलं नाही, विचारायची चोरी. पोरगा वासावरून अंदाज बांधतो आणि रंग काढायचं रसायन भरून आणतो. फळ्या चिकट, पांढऱ्याखालून करडं दिसायला लागतं. शिव्या कोणाला, ते सांगायला नको.

आणि तळघरात? तिथे ल्युशियस ब्रॉकवे हा म्हातारा काळा माणूस यंत्रं सांभाळत बसलाय. सगळ्या रंगांचा पाया त्याच्या हातून होतो. तो मात्र पोराच्या अंगावर धावून जातो, युनियनवाला समजून. 'ऑप्टिक व्हाइट'ची घोषणा जुळवायलाही मालकाला आपण मदत केली, याचा त्याला केवढा अभिमान! तिच्यात 'व्हाइट' आणि 'राइट'चं यमक आहे. मराठीत ते आणायचं कसं, मला सुचलेलं नाही.

पण माझी सर्वांत आवडती जागा त्याआधीची. बिघडलेल्या डब्यांत योग्य थेंब घालून पोरगा पुन्हा फळ्या रंगवतो. त्याला अजूनही खालचं करडं दिसतंय. साहेब फळी निरखतो, झकास म्हणतो. माल सरकारी स्मारकासाठी आहे.