इलिंगवर्थ ‘नुसता कप्तान’ नव्हता

24 ऑगस्ट, म्हणजे ओव्हलच्या विजयाचा दिवस, जवळ आला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो. 1971 साली वाडेकरांच्या भारतीय क्रिकेट संघाने लंडनच्या ओव्हल मैदानावर हरवलं ते इंग्लंड म्हणे दुय्यम होतं, आणि त्यांचा कप्तान रे इलिंगवर्थ म्हणजे यॉर्कशायर या काउंटी संघाने हाकललेला, नशिबाने खुर्ची मिळालेला, बॅटिंग-बोलिंग काहीच धड न येणारा माणूस. यंदा माझ्या भाच्यानेही तो पाठवून ‘मामा, खरंय का?’ विचारलं. साफ खोटं आहे.

‘काहीच धड येत नव्हतं’ लिहिणाऱ्याने त्या सामन्याचं स्कोअरकार्ड तरी उघडायचं! भारताच्या पहिल्या डावात इलिंगवर्थच्या 70 धावांत 5 विकेट आहेत. आपल्या चंद्राने (भागवत चंद्रशेखर) 38 धावांत 6 काढून इंग्लंडला दुसऱ्या डावात 101 वर गुंडाळल्यावर आपल्याला जिंकायला 173 हव्या होत्या आणि त्याला तब्बल 101 षटकं लागली. का लागली? त्यातली 36 षटकं इलिंगवर्थने टाकली: 15 निर्धाव, 40 धावा. विकेट एकही नाही, पण धावा कुठून काढणार? उंची न देता सपाट टाकलेला ऑफस्पिन, टप्पा ऑफस्टंपवर, बहुतेक चेंडू आत येणारे आणि मधूनच एक बाहेर सरकणारा. कटला जागा नाही, ड्राइव्हला लांबी नाही. कसोटी कारकिर्दीत षटकाला दोनपेक्षा कमी धावा देणारा हा बोलर होता.

बॅटिंगचं म्हणाल, तर याच मालिकेत मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर त्याने 107 केल्या, पीटर लिव्हरबरोबर आठव्या विकेटसाठी 168 जोडल्या. प्रथम श्रेणीत 24,134 धावा आणि 20.28 च्या सरासरीने 2,072 बळी. तेव्हा इंग्लंडमधल्या खेळपट्ट्या पावसात उघड्या राहायच्या आणि वाळताना फिरकीला साथ द्यायच्या, हे खरं. पण फेब्रुवारी 1971 मध्ये सिडनीला फास्ट बोलर जॉन स्नोचं बोट मोडल्यावर इलिंगवर्थने 39 धावांत 3 घेतल्या आणि इंग्लंडने ॲशेस, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका, 2-0 जिंकली. तिथे कुठली ओली खेळपट्टी होती?

यॉर्कशायरने हाकललं नव्हतं. त्याने काही वर्षांचा करार मागितला, काउंटीने नाकारला, तो 1969 मध्ये लेस्टरशायरचा कप्तान झाला. 1975 मध्ये त्या काउंटीने पहिल्यांदाच काउंटी चॅम्पियनशिप जिंकली ती त्याच्याच हाताखाली.

नशिबाचं मात्र मान्य करावं लागतं. 1969 मध्ये तेव्हाचा कप्तान कॉलिन काउड्रीच्या टाचेची शीर तुटली म्हणून इंग्लंडची कप्तानी त्याच्याकडे आली. पुढच्या 31 कसोटींत 12 विजय आणि फक्त 5 पराभव, ते मात्र नशिबाने येत नाहीत.

राहिला ‘दुय्यम संघ’. ओव्हलवर सलामीचा बॅट्समन बॉयकॉट नव्हता, एवढंच खरं. एड्रिच, डॉलिव्हिएरा, नॉट, स्नो, अंडरवूड सगळे होते, आणि त्याआधी इंग्लंड सलग 26 कसोटींत हरलं नव्हतं.