'क्राय-बेबी' टिंगल करतो, पण कोणाची?

नमस्कार. 'क्राय-बेबी'वरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जी प्रतिक्रिया लिहिलीत ती नीट वाचली, आणि खाली दोन ओळी टाकून विषय संपवणं मला पटेना, म्हणून वेगळी पोस्टच लिहितेय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. माझ्या सांगण्यावरून सिनेमा बघितलात आणि दीड तास फुकट गेला, पन्नासच्या दशकातल्या पोरापोरींच्या प्रेमाची नुसती टिंगल केलीय, एका मुलीच्या चेहऱ्यावर हसायला लावलंय, हिरो स्वतःच्या आवाजात गातसुद्धा नाही, हेच सगळं 'ग्रीस' या गाजलेल्या म्युझिकलने शंभर पट प्रामाणिकपणे केलं होतं, आणि शेवटी, "टिंगल आणि प्रेम एका घरात नांदत नाहीत, आता हेअरस्प्रेचंही असंच कौतुक करणार का?" (हेअरस्प्रे म्हणजे याच दिग्दर्शकाचा आणखी एक सिनेमा.)

सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिलेला नसणार म्हणून आधी गोष्ट. दिग्दर्शक जॉन वॉटर्सचा १९९० चा म्युझिकल, घडतो १९५४ च्या बाल्टिमोरमध्ये. गावातल्या तरुणांत दोन तट आहेत. एक 'स्क्वेअर्स', म्हणजे चांगल्या घरची, इस्त्रीचे कपडे घालून शिष्टाचार शिकायला जाणारी मुलं, आणि दुसरे 'ड्रेप्स', लेदर जॅकेट, तेल चोपडून मागे वळवलेले केस, कामगार वस्तीतले. ड्रेप्सचा म्होरक्या वेड वॉकर ऊर्फ क्राय-बेबी म्हणजे जॉनी डेप, याच्या डोळ्यातून एका वेळी एकच अश्रू ओघळतो आणि तेवढ्यावर पोरी वेड्या होतात. श्रीमंत आजीने वाढवलेली ॲलिसन त्याच्या प्रेमात पडते, तिचा स्क्वेअर बॉयफ्रेंड बाल्डविन पेटतो, मग मारामारी, कोर्ट, तुरुंग, गाणी आणि शेवटी समोरासमोर गाड्या घालायची शर्यत.

'ग्रीस'पासून सुरू करते कारण तुम्ही प्रामाणिकपणाचं माप तिथून घेतलंय. मलाही तो सिनेमा आवडतो, गाणी तर लागली की थांबून ऐकते. पण १९७१ ला शिकागोत 'ग्रीस' पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हा ते चांगलंच रांगडं, शिवराळ नाटक होतं, तिथल्याच कामगार वस्तीतल्या शाळकरी पोरांवरचं, आणि १९७८ चा सिनेमा होईपर्यंत त्यातला खरखरीतपणा घासून गुळगुळीत करण्यात आला. त्यात रिझो नावाची शाळकरी पोरगी झालेली स्टॉकर्ड चॅनिंग शूटिंगच्या वेळी ३३ वर्षांची होती. मला यात काही गैर वाटत नाही, ती त्या सिनेमातली सगळ्यात चांगली नटी आहे, पण तुम्ही ज्याला प्रामाणिक म्हणताय तेही वीस वर्षांनंतर बसून रचलेलं पन्नासचं दशक आहे, इतकंच. आणि त्याच्या शेवटी हिरोइन सँडी घट्ट काळे कपडे घालून येते ती हिरोला, डॅनीला, हवी तशी दिसायला. ॲलिसन मात्र अगदी सुरुवातीलाच सांगते की चांगलं वागून वागून मी थकलेय. तिला क्राय-बेबी बदलत नाही, तिला निघायचंच असतं आणि तो गाडी घेऊन समोर येतो. या दोन मुलींपैकी जास्त खरी कोण हे तुम्हीच ठरवा, माझं मत ॲलिसनला.

आता टिंगल. टिंगल आहेच, भरपूर आहे, पण ती कोणाच्या अंगावर पडते ते एकदा बघाच. त्या काळाबद्दलच्या गोडगोड सिनेमांमध्ये मिल्कशेक असतो, ज्यूकबॉक्स असतो, शाळेचा डान्स असतो, आणि भीती कुठेच नसते. खऱ्या १९५४ मध्ये अमेरिकेतल्या आईबापांना पोलिओने झोप नव्हती, दोनच वर्षांपूर्वी एका साथीत सुमारे ५८ हजार केसेस झाल्या होत्या आणि साल्कच्या लशीची देशभरातल्या लाखो मुलांवरची चाचणी याच वर्षी सुरू झाली. वॉटर्सचा सिनेमा सुरू होतो कुठे? शाळेत, लशीच्या रांगेत, सुई टोचताना हिरो-हिरोइनची नजरानजर होते तिथे. एका पोरीची आई आयर्न लंगमध्ये आडवी आहे, म्हणजे पोलिओने श्वास बंद पडलेल्या पेशंटला ज्या लोखंडी पिंपात ठेवायचे त्यात, आणि तिथूनही सिगारेट ओढतेय. तुम्हाला हे क्रूर वाटलं असेल. मला वाटतं की ज्या काळाच्या आठवणीतून ते पिंप सोयीस्करपणे उचलून बाजूला ठेवलं गेलं होतं, ते याने परत खोलीच्या मध्यभागी आणून ठेवलं.

तसंच विजेच्या खुर्चीचं. क्राय-बेबीच्या आईबापांना दोघांनाही इलेक्ट्रिक चेअरवर मारलेलं असतं, बाप इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने एकेका जागी बॉम्ब ठेवणारा, आणि पोराने छातीवर त्या खुर्चीचा टॅटू काढलाय. ऐकायला अतर्क्य. पण कथेच्या आदल्याच वर्षी, जून १९५३ मध्ये, रशियासाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून रोझेनबर्ग नवराबायकोला अमेरिकेने तसल्याच खुर्चीवर मारलं होतं आणि त्यांची दोन लहान मुलं मागे राहिली होती. वॉटर्सच्या डोक्यात तेच होतं असा माझा दावा नाही, मला मात्र तो सीन बघताना दर वेळी तीच मुलं आठवतात आणि मग डेपच्या डोळ्यातला तो एकुलता एक अश्रू विनोदी राहूनही मला टोचतो.

आणि न्यायाधीशाचा सीन, हा तर माझ्या दृष्टीने सिनेमाचा कणा. टर्की पॉइंट या आपल्या अड्ड्यावर ड्रेप्स आपापले गाणी-नाच करत असतात, तिथे जाऊन दंगा सुरू करतात स्क्वेअर्स. कोर्टात काय होतं? क्राय-बेबी एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात, त्याच्या बहिणीची, पेपरची, लहान मुलं अनाथाश्रमात, आणि चांगल्या घरची मंडळी सुखरूप आपापल्या घरी. पुढे त्या अनाथाश्रमात मुलं अक्षरशः दुकानाच्या शोकेससारखी काचेमागे मांडलेली दिसतात, आवडेल ते उचला. हसू येतं आणि लगेच लाज वाटते. पन्नासच्या दशकातले खरे बंडखोर-तरुण-सिनेमे शेवटी म्हणायचे की बाप मऊ पडला, आई कडक होती, म्हणून पोरगं बिघडलं. हा सिनेमा म्हणतो की पोरगं बिघडलेलं नव्हतंच, ते फक्त चुकीच्या वस्तीत राहत होतं. वॉटर्स बाल्टिमोरचाच, जन्म १९४६ चा, म्हणजे हे ड्रेप्स त्याच्या लहानपणीच्या शहरात खरोखर होते, तिथले लोक या पोरांना हेच नाव वापरायचे. ज्यांच्यापासून मुलांना लांब राहायला सांगायचे त्यांनाच त्याने हिरो केलं, आता यात प्रेम नाही असं कसं म्हणता?

कास्टिंगबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत आणि माझ्या मते निम्मा सिनेमा तिथेच आहे. ड्रेप्समधल्या वांडाचे, म्हणजे ट्रेसी लॉर्ड्सने केलेल्या पोरीचे, अतिसभ्य आईबाप आहेत ना, त्यातला बाप म्हणजे डेव्हिड नेल्सन, जो १९५२ ते १९६६ अमेरिकेच्या टीव्हीवर एका आदर्श कुटुंबातला आदर्श मुलगा होता, ते त्याचं खरंच कुटुंब होतं. आई म्हणजे पॅट्रिशिया हर्स्ट, वर्तमानपत्रसम्राटाची नात, जिला १९७४ मध्ये सशस्त्र गटाने पळवलं आणि नंतर त्यांच्याच बरोबर बँक लुटताना कॅमेऱ्यात टिपली गेली आणि जिला शिक्षा झाली. हे दोघं शेजारी बसून मुलीला सुधारायचा बेत करतात आणि तिला घालवून तिच्या बदल्यात स्वीडनची मुलगी घरी आणतात! त्या पिंपातल्या बाईचा नवरा आहे ट्रॉय डोनाह्यू, जो १९५९ मध्ये सगळ्या अमेरिकन पोरींचा सोनेरी केसांचा स्वप्नातला राजकुमार होता. हिरोचा मामा म्हणजे रॉक गायक इगी पॉप, पंक येण्याआधीच पंक जगलेला माणूस. खुद्द डेप त्या वेळी टीव्हीवर शाळेत घुसणारा देखणा पोलीस म्हणून पोस्टरबॉय झाला होता आणि त्या प्रतिमेला वैतागला होता, मग तिचीच पार खिल्ली उडवणारा रोल त्याने घेतला. ज्या ज्या माणसांना लोकांनी एकेका चौकटीत बसवलं होतं ती सगळी इथे चौकट मोडायला आलीत, कोणावरही वरून हसलेलं नाही, सगळे मिळून हसतायत.

हिरो गात नाही हा आक्षेप मात्र मला मराठी माणसाकडून अपेक्षित नव्हता. राज कपूरसाठी मुकेश गायला म्हणून आपण कधी राज कपूरला खोटा म्हटलं का? डेपसाठी जेम्स इंटव्हेल्डने गायलंय, ॲलिसनसाठी रेचल स्वीटने, आणि दोघांनी जीव ओतून गायलंय. महत्त्वाचं म्हणजे गाणी कुठेही मुद्दाम वाईट केलेली नाहीत. सगळ्या सिनेमात संवाद फुगवलेले, रडणं फुगवलेलं, पण गाणं सुरू झालं की बँड खरा, ताल खरा. नुसती टर उडवायची असती तर सगळ्यात आधी गाण्यांचीच माती केली असती.

गाण्यांतच एक बारीक गोष्ट आहे, ती तुमच्या नजरेतून सुटली असणार. बाल्डविन आणि त्याची कंपनी 'श-बूम' गाते, एकदम स्वच्छ, टाय लावून. हे गाणं मुळात कॉर्ड्स या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पोरांचं, १९५४ चंच, आणि त्याच वर्षी क्रू-कट्स नावाच्या गोऱ्या कॅनेडियन ग्रुपने त्याची साफसूफ आवृत्ती काढली, ती नऊ आठवडे पहिल्या नंबरवर बसली. स्क्वेअर्सच्या तोंडी ते गाणं देऊन वॉटर्सने एक शब्द न बोलता सांगून टाकलं की चांगल्या घरच्यांचं चांगलं संगीत कुठून आलं होतं.

आता हॅचेट-फेस, कारण हा तुमचा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे. किम मॅकग्वायरने केलेली ही पोरगी, चेहरा वाकडातिकडा करून, भडक मेकअप करून समोर येते आणि पहिल्यांदा बघणारा दचकतो, हे खरं. पण सिनेमात तिला कोण हसतं ते बघा. शिष्ट लोक किंचाळतात. ड्रेप्सपैकी कोणीही नाही. टोळीतलाच मिल्टन तिच्यावर जीव टाकतो, आणि दोघं मिळून क्राय-बेबीला सोडवायला हेलिकॉप्टर घेऊन तुरुंगावर जातात. तिचं स्वतःचं म्हणणं असं की माझ्या चेहऱ्याला काही झालेलं नाही, माझ्याकडे कॅरॅक्टर आहे, आणि ती हे रडून सांगत नाही, छाती काढून सांगते. आपल्याकडच्या किती सिनेमात अशी मुलगी हिरोइनची मैत्रीण म्हणून फक्त मार खायला असते? इथे तिला प्रियकर आहे, टोळीत मान आहे, आणि तिला सुंदर करून दाखवायचा सीन शेवटपर्यंत येत नाही. चष्मा काढला, केस सोडले आणि अहाहा, असलं काही नाही. मला हे फार मोठं वाटतं.

टिंगल आणि प्रेम एका घरात नांदत नाहीत म्हणता, तर अत्र्यांची 'झेंडूची फुलं' घ्या की. प्रेमकवींच्या उसाशांना इतकं झोडपलं त्यांनी, पण ते जमलं कशामुळे, तर त्या कवितेची वृत्तं, शब्द, लकबी सगळं त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं म्हणून. 'प्रेमाचा गुलकंद' आठवा, तो बिचारा रोज गुलाब देतो आणि ती सगळ्या पाकळ्यांचा गुलकंद करून बरणी समोर ठेवते. क्राय-बेबी तुरुंगात असताना ॲलिसन स्वतःचे अश्रू बरणीत साठवते आणि पिऊन टाकते. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला गुलकंदच आठवला होता. फरक असा की अत्र्यांची नायिका थंड डोक्याची आहे आणि ॲलिसन बरणीसकट खरोखर प्रेमात आहे, म्हणजे विडंबन करूनही वॉटर्सने तिच्या विरहातलं काही काढून घेतलेलं नाही. शेवटच्या शर्यतीतही तेच, बाल्डविनचा आजोबा म्हणजे क्राय-बेबीच्या बापाला खुर्चीत मारणारा माणूस, ते ओझं उतरल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्याला दोन्ही डोळ्यांतून रडू येतं. कल्पना बावळट आहे आणि मी दर वेळी रडते.

सिनेमात काहीच कमी नाही असं मी म्हणत नाही. बाल्डविन फारच पातळ आहे, खलनायकाला जरा तरी वजन हवं होतं. तुरुंगातला भाग रेंगाळतो. आणि खरी मोठी उणीव अशी की मे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शाळांतला वंशभेद बेकायदा ठरवला, त्याच सप्टेंबरात बाल्टिमोरच्या शाळा एकत्र झाल्या, आणि त्याच वर्षी त्याच शहरात घडणाऱ्या या सिनेमात त्याचा मागमूस नाही, 'श-बूम'सारख्या आडून केलेल्या इशाऱ्यांवर काम भागवलंय. तुम्ही यावर टीका केली असतीत तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हेअरस्प्रेबद्दल विचारलंत, तर हो, लिहिणार आहे, आणि ते याच उणिवेमुळे. वॉटर्सने तो आधीच, १९८८ मध्ये केला होता, १९६२ च्या बाल्टिमोरमधला टीव्हीवरचा डान्स शो आणि त्यात काळ्या पोरांना नाचू देणार की नाही हा प्रश्न थेट मध्यभागी ठेवून. लिहीन ते त्या मूळ सिनेमावर, बायकांच्या भूमिका करणारा नट डिव्हाइन आईच्या रोलमध्ये आहे तोच, नंतरच्या २००७ च्या चकचकीत आवृत्तीवर नाही. त्याआधी जमलं तर 'क्राय-बेबी'मधला फक्त कोर्टाचा सीन परत एकदा लावा, सगळा सिनेमा नको, आणि तेव्हाही टिंगल गरिबांचीच वाटली तर इथेच खाली लिहा, मी वाचतेय.