लाइट बंद असताना तो फोन वाजणार आहे का?

आज दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकते, म्हणजे रात्री झोप तरी लागेल.

एका सरकारी कचेरीत कामाला गेले होते. कुठल्या ते लिहीत नाही, तिथल्या कुणाशी माझं वैयक्तिक भांडण नाही. जिन्याखाली जुने टेलिफोन सेट पोत्यांत भरून ठेवलेले दिसले. वायरी गुंडाळलेल्या, एका सेटवर एक्स्टेन्शनचा नंबर लिहिलेली पट्टी अजून तशीच. पाय थबकलेच. शेजारी एक तरुण इंजिनिअर उभा होता, बोलायला गोड. उत्साहाने सांगू लागला, की ही आणि शहरातल्या आणखी काही सरकारी इमारती आता इंटरनेटवरच्या फोनवर न्यायच्या आहेत, आराखडा चाललाय, सगळ्या कचेऱ्या एका सिस्टीमवर येणार, आपसातले कॉल फुकट. मी सगळं ऐकून घेतलं आणि सगळ्यात आधी विचारलं, "लाइट जाय तो?"

हसून म्हणाला, "बेन, वडोदरामां हवे लाइट क्यां जाय छे?"

तिथेच माझा तोल गेला. तिथे नुसते प्रश्न विचारले, बाकीचं इथे बोलते.

ऑगस्ट २०२४. गोकुळाष्टमीच्या सुमाराचा पाऊस. विश्वामित्री नदी धोक्याची २६ फुटांची खूण ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. समा, फतेहगंज, अकोटा, कारेलीबाग, वडसर, कुठलं नाव घ्यायचं आणि कुठलं सोडायचं? आमच्याकडेही तळमजला गेला. आणि लाइट? ती "गेली" नव्हती, बंद केली होती. पाण्यात मीटर बुडालेले असताना लाइन चालू ठेवली तर माणसं मरतील, म्हणून ती बंद करावीच लागते. पूर आला की लाइट बंद असणारच. हे बडोद्यात राहणाऱ्या कुणाला समजावून सांगायला हवं का?

खालच्या काकूंना आम्ही वर आणलं होतं. त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं, ते विजेवर चालतं. एक छोटा सिलिंडर होता, तो संपत आला होता. मोबाइलला रेंज नाही, कारण टॉवरच्या बॅटऱ्या काही तास टिकतात आणि पुढे जनरेटरला डिझेल पोचवायला रस्ताच नव्हता. सगळ्यांचे हॅंडसेटही मान टाकायला लागलेले. आणि माझ्या पहिल्या मजल्यावर, देवघराशेजारच्या कोनाड्यात, जुना, तांब्याच्या दोन तारांच्या जोडीवरचा फोन. रिसीव्हर उचलला तर डायल टोन आला. माझी सगळी नोकरी टेलिफोनमध्ये गेली, आधी बाहेरगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजला हेडसेट लावून, मग तक्रारींच्या १९८ वर, शेवटी आतल्या मशीनरीकडे. पण डायल टोन ऐकून डोळ्यांत पाणी त्या रात्री पहिल्यांदा आलं.

जुन्या डायरीतले नंबर एकामागून एक फिरवत गेले. काही नुसते वाजत राहिले, काही कायमचे बंद पडलेले. मग एका कचेरीत कुणीतरी उचलला. आवाज वयस्क. म्हणाला, "बोलो बेन, सरनामुं लखावो." पत्ता सांगा. बास. मला त्याने "संबंधित विभागाशी संपर्क साधा" म्हटलं नाही. पत्ता लिहून घेतला, परत वाचून दाखवला, दुसऱ्या सेटवरून पुढे कळवलं आणि म्हणाला, लाइन मोकळी ठेवा, मी फोन करतो. आणि केला! सकाळी बोट आली. काकू आज ठणठणीत आहेत, काल त्यांनीच पाठवलेल्या चकल्या खाल्ल्या.

तो माणूस कोण, शिपाई की ऑपरेटर की रात्रपाळीचा चौकीदार, मला आजतागायत माहीत नाही. पण त्याच्या टेबलावरचा फोन जर त्या रात्री मेला असता तर? आज पोत्यातल्या त्या सेटांकडे बघताना माझ्या मनात हेच होतं.

आता जरा मशीनचं बोलते, कारण तरुण मुलांना हे कुणी सांगतच नाही. जुन्या फोनला घरची वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट डीसी त्याच दोन तारांवरून यायचे, त्यावरच तो जगायचा. एक्स्चेंजमध्ये बॅटरी रूम असायची, दोन-दोन व्होल्टचे २४ मोठे सेल ओळीने मांडलेले, मागे डिझेल इंजिन. अख्खं शहर अंधारात असलं तरी फोन वाजायचा. आपल्या आजवा तलावाचं पाणी तसंच नाही का? सयाजीरावांनी तलाव उंचावर बांधला आणि पाणी उताराने शहरात आणलं, कुणी पंप चालू करायची वाट बघितली नाही.

इंटरनेटच्या फोनचं तसं नाही. टेबलावरच्या सेटला वीज हवी. ती बहुतेक ठिकाणी नेटवर्कच्या केबलमधूनच देतात, पण ती पाठवणाऱ्या डब्याला, म्हणजे पीओई स्विचला, वीज हवी. त्याच्या मागे राउटर, त्यालाही हवी. फायबर जिथे संपतो त्या डब्याला हवी. यातलं एक जरी बंद पडलं की त्यावरचे सगळे फोन मुके. इथरनेटची केबल १०० मीटरच्या पुढे चालत नाही, म्हणजे मोठ्या इमारतीत मध्ये-मध्ये स्विच बसवावे लागणार. खंडेराव मार्केटसारखी १९०६ ची इमारत डोळ्यांसमोर आणा, किती लांब, भिंती किती जाड. जितके स्विच तितक्या ठिकाणी यूपीएस. आणि हे स्विच कुठे बसवतात? जिथे जागा रिकामी असते तिथे. जिन्याखाली, बेसमेंटमध्ये, जिथे पाणी सगळ्यात आधी शिरतं! माझ्या डोळ्यांदेखत त्या मुलाने बोट दाखवलं, "रॅक यहां आएगा." म्हणजे हे सगळे डबे ठेवायचं कपाट. तळमजल्यावर. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून पुसलेली नाही, तिच्या खाली.

ठीक आहे, उलट बाजूही लिहिते, नाहीतर माझा भाचा खाली कॉमेंटमध्ये लिहीलच. तांब्याच्या केबलीही पुरात खराब होतात, जॉइंटमध्ये पाणी शिरलं की नुसती खरखर. आमचा पिलर, म्हणजे रस्त्यावरचा केबली जोडायचा डबा, उंचावर आहे म्हणून माझा फोन वाचला, नदीकाठचे कितीतरी मेले. जुन्या ईपीएबीएक्सचे, म्हणजे कचेरीतल्या छोट्या एक्स्चेंजचे, कार्ड आता मिळत नाहीत. केबली चोरीला जातात. आणि त्या दुरुस्त करणारी माणसं? ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून जवळपास ७८ हजार लोक एका दिवसात स्वेच्छानिवृत्तीवर गेले. डोळे मिटून हाताने जोडी ओळखणारे, केबली जोडणारे जॉइंटर होते त्यांत. ते हात परत येणार नाहीत, हे मला कळतं.

आणि एक गोष्ट तर मान्यच करायला हवी. इंटरनेटच्या फोनचा नंबर भिंतीला चिकटलेला नसतो. कचेरी पाण्यात गेली तर तोच नंबर दोन मिनिटांत दुसऱ्या, कोरड्या इमारतीतल्या सेटवर वाजवता येतो. हे तांब्याला इतक्या सहज जमलं नसतं. त्या रात्री जे नंबर नुसते वाजत राहिले, ते कुठेतरी जाग्या माणसाच्या टेबलावर वळले असते तर मला इतके फिरवावे लागले नसते.

पण ते आपोआप होत नाही ना! आधी ठरवून ठेवावं लागतं. कुठली इमारत बुडाली तर कुठली उचलेल, वळवायचं कुणी, पासवर्ड कुणाकडे, तो माणूस स्वतः पुरात अडकला तर दुसरा कोण. हे प्लॅनमध्ये कुठे आहे, विचारलं, तर म्हणे ते नंतर बघू, आधी टेंडर निघू दे. नंतर म्हणजे कधी? पाणी ३५ फुटांवर गेल्यावर?

टेंडरमध्ये काय आहे ते मात्र त्याने हौसेने सांगितलं. स्पीड. किती एमबीपीएसची लाइन. अरे बाळा, एका बोलण्याला एका दिशेने नव्वद-शंभर केबीपीएस पुरतात. तीस माणसं एकाच वेळी बोलली तरी तीन एमबीपीएस. घरी सिनेमा बघायलाही यापेक्षा जास्त लागतं. बोलणं बिघडतं ते आवाज उशिरा पोचला, तुटक पोचला की. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा अशी आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, शिफारस आहे. त्याच तारेवर कॅमेऱ्यांचं चित्रीकरण, हजेरीचं मशीन, दुपारी कुणाचं क्रिकेट, आणि त्यातून आवाजाने वाट काढायची. आवाजाला त्याच तारेवर वेगळी वाट (व्हीलॅन) आणि पहिला मान द्यावा लागतो, तो स्विचवर सेट करून द्यावा लागतो. लाइन दुप्पट जाड करून हे होत नाही.

आणि दोन लाइनी घेतल्या म्हणून छाती फुगवतात, त्या दोन्ही एकाच चरातून येतात. आपल्याकडे रस्ते किती खोदले जातात ते मी सांगायला नको. एक जेसीबी, दोन्ही गेल्या. एक पुढच्या रस्त्याने आणि एक मागच्या गल्लीतून आली पाहिजे, कंपन्याही वेगळ्या हव्यात.

लिफ्टमधला फोन कशावर चालतो, विचारलं कुणी? आगीचा अलार्म कुठल्या लाइनवर आहे? पंपिंग स्टेशनला जाणारी जुनी जोडी कुणाच्या यादीत आहे का? हे फोन कुणाच्या टेबलावर नसतात म्हणून मोजणीत येत नाहीत. इमारतीतून फिरून, प्रत्येक खोलीत शिरून, तार कुठे जाते ते हाताने धरून बघावं लागतं. ऑफिसमध्ये बसून एक्सेल शीट भरली की असे फोन राहून जातात. ब्रिटनसारख्या देशाने तांब्याच्या लाइनी बंद करायची मुदत डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ वर ढकलली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातली मदतीची बटणं त्या लाइनींवर होती, हे एक मोठं कारण. त्यांना थांबून विचार करावासा वाटला. आपल्याला का वाटू नये?

आता सगळ्यात जास्त संताप ज्याचा आला ते. ऑपरेटर. विचारलं, नव्या सिस्टीममध्ये ऑपरेटर किती? म्हणाला, एकही नाही, आयव्हीआर असेल, म्हणजे बटणं दाबायला सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज. गुजरातीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, पाणीपुरवठ्यासाठी तीन दाबा. हातात टॉर्च धरलेला, काकूंच्या नाकाला नळी, सिलिंडरचा काटा खाली चाललेला, आणि मी तीन दाबू? बोटीसाठी कुठलं बटण आहे? त्या रात्री काकूंना वाचवलं ते "सरनामुं लखावो" म्हणणाऱ्या माणसाने. एका नंबरवर कुणी उचलत नसेल तर दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर जावं, हे हंटिंग आमच्या वेळीही होतं. नव्या फोनला ते आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं जमतं. ते वापरा, आणि शेवटी माणूस ठेवा. रात्रपाळीला एक तरी.

हे सगळं मी त्याला तिथे म्हटलं नाही, वर लिहिलंच आहे. पण बाहेर पडताना माझा चेहरा बघून असेल, तो मागून जिन्यापर्यंत आला. म्हणाला, "आंटी, तो शुं करवुं? मने कहो." खरं सांगते, राग निम्मा तिथेच उतरला. त्याची चूक नाही. त्याने बॅटरी रूम बघितलेली नाही, त्याला ती कुणी दाखवलीच नाही. पुराच्या वेळी तो सुरतला शिकत होता.

मग जिन्यावरच उभ्याने सांगितलं. रॅक पहिल्या मजल्यावर ने. यूपीएस अर्ध्या तासाचा नको, निदान एक रात्र निघेल असा घे, आणि बॅटऱ्या कुणी कधी बदलायच्या ते आत्ताच लिहून ठेव, कारण दोन-चार वर्षांत त्या मरतात आणि लाइट बंद होईपर्यंत कुणाला कळत नाही. प्रत्येक इमारतीत एक जुनी तांब्याची लाइन चालू ठेव, निदान जिथून लोकांना मदत पोचायची आहे तिथे तरी, आणि ती महिन्यातून एकदा उचलून बघ. ०२६५ चे जुने नंबर बदलू नकोस, ते लोकांच्या डायऱ्यांत आहेत, माझ्याही. पासवर्ड कंपनीने दिलेलाच ठेवू नकोस, नाहीतर शनिवार-रविवारी कुणीतरी बाहेरून घुसून परदेशी कॉल करेल आणि बिल शहर भरेल. आणि किती कॉल आले, किती कुणी उचललेच नाहीत, हे नवी सिस्टीम स्वतः मोजते, ते दर महिन्याला बाहेर फळ्यावर लाव.

त्याने मोबाइलवर सगळं टाइप करून घेतलं. शेवटच्या मुद्द्याला जरा थांबला, वर बघितलं, "ए तो साहेब नहीं माने." मी म्हटलं, साहेबांचं मी बघते.

तर बघतेच आहे. लेखी अर्ज लिहायला घेतलाय, गुजरातीत, सोमवारी सकाळी नेऊन देणार आणि पोच घेणार. दांडिया बाजार, रावपुरा, वाडीतल्या मंडळींनी सह्या द्याव्यात, मी रविवारी संध्याकाळी कागद घेऊन फिरणार आहे. टेलिफोनमधले जे निवृत्त सहकारी हे वाचताहेत त्यांना वेगळी विनंती. कुठल्या सरकारी इमारतीत कुठली जोडी कुठे उतरते हे तुमच्यापैकी काहींना अजून पाठ आहे. ज्या लिफ्टच्या, पंपाच्या, फायर अलार्मच्या लाइनी तुम्ही स्वतः ओढल्यात त्या मेसेंजरवर लिहून पाठवा, इमारतीच्या नावासकट. अर्जाला ती यादी जोडायची आहे.