सत्तर हजार प्लेटलेट आणि पाठीतून दिलेली भूल : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

'प्लेटलेट एक लाखाच्या खाली असताना गरोदर बाईच्या पाठीत सुई घालणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळ, आणि तुम्ही तरुण डॉक्टरांना बेपर्वाई शिकवता,' असे आपण माझ्या लेखावर लिहिले आहे. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, सत्तर हजारांवर असतील आणि रक्तस्रावाची अन्य लक्षणे नसतील, तर प्रसूतीसाठी पाठीतून भूल देता येते, असे मी त्या लेखात म्हटले होते. मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु ज्याने उमेदवारीची वर्षे प्रसूतिकक्षाच्या रात्रपाळीत काढली, त्याला बेपर्वा म्हणण्यापूर्वी आपण लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता.

लाखाचा आकडा प्रामुख्याने सवयीतून आला. २०१७ मध्ये 'अॅनेस्थेशियॉलॉजी' या नियतकालिकात आलेल्या संकलनात, प्लेटलेट लाखाखाली असूनही स्पायनल किंवा एपिड्युरल (पाठीतून भूल देण्याचे दोन प्रकार) दिलेल्या १,५२४ स्त्रियांपैकी एकीच्याही मणक्यात, सुईच्या जागी रक्तस्राव होऊन, शस्त्रक्रिया करावी लागेल अशी रक्ताची गाठ झाल्याचे आढळले नाही. तरीही लेखकांनी धोका शून्य म्हटला नाही. सत्तर हजार ते लाख या गटात त्याची कमाल मर्यादा ०.२ टक्के, पन्नास ते सत्तर हजारांत ३ टक्के आणि त्याखाली ११ टक्के धरली, कारण खालच्या गटांत रुग्णच थोडे होते. अमेरिकेतील प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सत्तर हजारांचा उंबरठा मान्य केला, तोही रक्तस्रावाची अन्य लक्षणे नसतील तरच. ही अट माझ्या लेखात ठळक होती.

आपण ज्याला सुरक्षित मानता, त्या पूर्ण भुलीबद्दल, म्हणजे बेशुद्ध करून श्वासनलिकेत नळी घालण्याबद्दल, आपल्या प्रतिक्रियेत एक शब्दही नाही. गर्भारपणातील रक्तदाबाने चेहरा सुजलेली, जीभ जड झालेली स्त्री टेबलावर असते, घसा पाहण्याचा लॅरिंजोस्कोप आत जातो आणि स्वरयंत्राच्या जागी नुसती सुजलेली, ओली लाली दिसते. नळी जात नाही, प्राणवायूचा आकडा घसरू लागतो, आणि नळी घालण्याच्या त्या खटपटीतच रक्तदाब उसळून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे मी पाहिले आहे. आपण पाहिले असते, तर लाखाचा आकडा इतक्या ठामपणे लिहिला नसता.

एपिड्युरलची नळी काढतानाही प्लेटलेट पाहाव्यात, ही आपली सूचना रास्त आहे; लेखात ती भर घालतो. हेल्प सिंड्रोममध्ये (गर्भारपणातील रक्तदाबाशी निगडित, यकृत व रक्तपेशींवर परिणाम करणारा गंभीर विकार) प्लेटलेट काही तासांत कोसळतात, म्हणून तेथे सकाळचा अहवाल संध्याकाळी चालत नाही, हे लेखात होतेच. संमतिपत्र आणि न्यायालयाविषयीचे आपले परिच्छेद मूळ विषयाला धरून नाहीत. त्यांना उत्तर देत नाही.

ब्याऐंशी हजारांवर स्थिर असलेल्या, सुजलेल्या गळ्याच्या स्त्रीला आपण कोणती भूल द्याल, ते कारणांसह लिहावे. त्यावर मी अवश्य बोलेन.