वंशावळीत नसलेल्या लेकीसुना रजिस्टरात आहेत

छापील कुलवृत्तांत असो नाहीतर आजोबांनी वहीत लिहून ठेवलेली वंशावळ, आपल्या कोकणात ती बापाकडून मुलाकडे अशीच उतरत येते. घरातल्या बायका, लहानपणीच गेलेली पोरं, मुंबईला जाऊन परत न आलेला एखादा काका, कोणीच त्यात नसतं. निम्मं घर गायब! आणि विचारलं की लोक म्हणतात जुनी माणसं गेली, आता कोण सांगणार. अहो माणसं गेली पण कागद आहेत ना, तालुक्याला जाऊन बघा तरी.

खेडेगाव असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे गाव नमुना १४ मागायचा, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही, कोतवाल बुक म्हणतात ते. मालवण, वेंगुर्ला, राजापूरसारखं शहर असेल तर नगरपालिकेचं जन्म-मृत्यू रजिस्टर. जुनी पानं बरीचशी मोडी लिपीत, त्यामुळे मोडी वाचणारं कोणीतरी सोबत न्याच.

आमच्या पणजीबद्दल घरात एवढंच माहीत होतं की ती तापाने गेली, वंशावळीत तर पणजोबांच्या खाली डायरेक्ट दोन मुलगे. ती सापडली ऑक्टोबर १९१८ च्या पानावर. तिचं नाव, पुढे 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, आणि पणजोबांचं नाव. मरणाच्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप, अख्खं पान तेच, इन्फ्लुएंझाची साथ होती ती. आणि तिच्या खाली थोड्या ओळी सोडून नुसतं 'मुलगी', नाव नाही, बापाचं नाव आमच्याच पणजोबांचं. अशी एक मुलगी आमच्या घरात होती हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं हो. त्या पानावरून नजर हलेना माझी.

लग्नात नाव बदललं की बाईचं माहेर हरवतं, तिथे मराठी शाळेचं जनरल रजिस्टर कामाला येतं. आजीचं माहेरचं नाव, जन्मगाव सगळं त्यात मिळालं, शाळा सोडल्याचं कारण 'लग्न'. आणि मुंबईच्या काकाचं काय झालं ते फेरफारात, जमिनीच्या वारस नोंदीत 'मुंबईस मयत' आणि पुढे त्याच्या विधवेचं नाव. सिंधुदुर्गवाल्यांनो, १९८१ च्या आधीच्या कागदावर जिल्हा रत्नागिरीच दिसणार, गोंधळू नका.

मला खरा राग येतो तो ही रजिस्टरं ज्या हालात आहेत त्याचा. आपल्याकडची दमट हवा, वाळवी, पान उलटताना कडेचा तुकडा हातात येतो. ओबीसीच्या दाखल्यासाठी १९६७ च्या आधीचा पुरावा लागला की सगळे धावतात, आपली एक ओळ मिळाली की सही-शिक्क्याची नक्कल घेऊन घरी, बाकीचं पुस्तक तसंच धुळीत. प्रत्येक तालुक्याने सगळी पुस्तकं, सगळी पानं स्कॅन करून लोकांना बघायला ठेवली पाहिजेत, आणि कुलवृत्तांताची नवीन आवृत्ती काढणाऱ्या मंडळांनी छापण्याआधी एकदा तरी कोतवाल बुक उघडावं आणि त्यातल्या लेकीसुनांची नावं घालावीत.

आमच्या वंशावळीत मी पणजीचं नाव घातलंय, शेजारी 'मुलगी, मृत्यू १९१८' असं पण लिहिलंय. तिचा जन्म त्याच पुस्तकांत कुठेतरी असणार, आता १९१८ पासून मागे मागे जातोय.