चाळीत सावंत किती?

गणपतीच्या मीटिंगमध्ये मी नको तिथे तोंड उघडलं. "तात्या, वर्गणीची वही कशाला? मी डेटाबेस करून देतो." आमच्या लालबागच्या चाळीत आईने आधीच सांगून ठेवलंय की मुलगा अंधेरीला टेबलं बनवतो. दोघांनी डायनिंग टेबलाचे भावही विचारलेत.

डेटाबेसमधलं टेबल म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता. ते बनवलं, तर आधी प्रायमरी की ठरवणं आलं. म्हणजे प्रत्येकाकडे असलीच पाहिजे आणि दोघांची सारखी नको, अशी एक खूण. आयबीएममधल्या कॉडसाहेबांनी १९७० साली हे कागदावर मांडलं. साहेब चाळीत राहिलेले नसावेत.

आडनाव घ्यावं, तर सावंतच नऊ. नावासकट घेतलं, तर त्यांत प्रकाश दोन. स्क्रीनवर 'डुप्लिकेट एंट्री' उमटलं आणि मागे उभा असलेला दुसरा प्रकाश भडकला, "डुप्लिकेट कोण? तो माझ्यानंतर राहायला आलाय!"

मोबाइल नंबर घेतला, तर कोपऱ्यातल्या आजींकडे मोबाइलच नाही. म्हणजे रकाना रिकामा, डेटाबेसच्या भाषेत 'नल'. "आजी, तुमचा नल येतोय, तो चालत नाही." आजी बादली घेऊन उठल्या.

खोली नंबर? एका खोलीत दोन भाऊ, दोन चुली, दोन वर्गण्या. खोली आणि नाव जोडून कंपोझिट की केली, तर एकाने आठवड्यात खोली बदलली.

शेवटी तात्यांची वही उघडली. पेटी सावंत, बोंबील सावंत, उधार सावंत... इतक्या वर्षांत एकही नाव दुबार नाही, एकही जागा रिकामी नाही! पण पावतीवर 'उधार सावंत' छापून मार कोण खाणार?

मग आपोआप वाढणारा क्रमांक दिला. आजींना ४७ आला.

"साठ वर्षं इथे काढली, आणि माझा नंबर सत्तेचाळीस?"

"आजी, त्या आकड्याला काही अर्थ नसतो."

"मग देतोस कशाला, मेल्या?"

गेल्या महिन्यात उधार सावंत विरारला गेले. तात्या म्हणाले, नाव काढून टाक. टेबल काढू देईना. वर्गणीच्या सगळ्या नोंदी फॉरेन कीने, म्हणजे दुसऱ्या टेबलातून इकडे बोट दाखवणाऱ्या खुणेने, त्यांच्या क्रमांकाला टांगलेल्या. मी घाबरत घाबरत समजावलं. तात्यांनी चष्मा पुसला, स्क्रीन न्याहाळली आणि पहिल्यांदाच खूश झाले.

"बाकी चुकवल्याशिवाय सोडत नाही म्हणतंय ना? बरोबर आहे त्याचं."