नोबेल, किसिंजर आणि ग्वाल्हेरच्या काकांचा आक्षेप

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अपात्र माणसाला दिलेल्या पुरस्काराने आधीच्या मानकऱ्यांचाही मान उतरतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, "सोनं मातीत पडलं तरी सोनंच. १९१८चं रसायनशास्त्राचं नोबेल फ्रिट्झ हाबरला दिलं. त्याने पहिल्या महायुद्धात विषारी वायू वापरायला लावला होता. म्हणून त्या नोबेलची किंमत गेली का?"

नाही गेली. हे मला मान्य आहे. पण का गेली नाही, ते पाहा ना. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याच्या कामाबद्दल तो सन्मान होता, आणि त्या अमोनियाच्या खतावर आजही जगभरची शेतं पिकतात. माणूस कसाही असो, काम पारखून घेता येतं.

शांततेच्या नोबेलचं तसं नाही. तिथे माणसाची करणी हेच त्याचं काम. १९७३ साली व्हिएतनामच्या शस्त्रसंधीबद्दल अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि उत्तर व्हिएतनामच्या बाजूने वाटाघाटी करणारे ले डक थो यांची नावं जाहीर झाली, तेव्हा तिथे माणसं मरतच होती. आपल्या देशात शांतता आलेलीच नाही, म्हणून थो यांनी पुरस्कार नाकारला. निवड समितीतल्या दोघांनी राजीनामे दिले. १९७५मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर किसिंजर पुरस्कार परत करायला निघाले, तर समितीने तो घेतला नाही. १९६४ साली मार्टिन ल्यूथर किंग यांना मिळालं ते हेच नोबेल, काका! मला त्याचा त्रास होतो, आणि तो भावनिक म्हणून सोडून द्यावा असं मला वाटत नाही.

पुरस्कार सोन्यासारखा नसतोच. तो हुंडीसारखा, म्हणजे पेढीने पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीसारखा असतो. आमच्या इंदूरच्या सराफ्यात जुन्या काळी हुंडी पेढीच्या नावावर चालायची. एक खोटी निघाली की त्या पेढीची प्रत्येक हुंडी लोक उलटून पाहायचे.

हे मी घराजवळ पाहिलंय. आमच्या गाण्याच्या बाईंनी रामबागेत चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, कित्येकांना फी न घेता. एका मंडळाने त्यांना पुरस्कार दिला, तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. शाल घेताना बाईंचे हात थरथरत होते. पुढच्याच वर्षी तोच पुरस्कार, तोही "संगीतसेवेबद्दल", मंडपाचा खर्च उचलणाऱ्या गृहस्थांना दिला. सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, मीही नाही. त्याची खंत अजून जात नाही.

नंतर बाईंकडे गेलो तर शोकेसमधली मानचिन्हाची जागा रिकामी. विचारलं तर म्हणाल्या, "येणारे जाणारे म्हणतात, हे त्यांनाही मिळालं ना? मग मी काय सांगू? माळ्यावर टाकलं."

बाईंचं गाणं तसूभरही कमी झालं नव्हतं. तुमचं सोनं तेवढं खरं. पण त्या मानचिन्हाकडे पाहून त्यांना जे वाटायचं, ते त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि काढून घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

इंदूरला आलात की त्यांच्याकडे जाऊ. ती शाल गुडघ्यांवर घेऊन अजून शिकवतात. मानचिन्हाचं मात्र विचारू नका.